बाक्कीचा दिवस

आइसलँडातल्या एका खोऱ्यात कुरण मोजायचं ते दिवसांनी. अमक्याचं कुरण केवढं, तर सहा दिवसांचं. तमक्याचं चार दिवसांचं, त्यातलं निम्मं खडकात. गड्यानं सकाळी लांब दांड्याचा विळा हातात घ्यावा, संध्याकाळी ठेवावा, आणि मधल्या वेळात जेवढं गवत आडवं होईल तेवढी जमीन म्हणजे एक दागस्लाउट्टा. दाग म्हणजे दिवस, स्लाउट्टा म्हणजे कापणी. पहिल्यांदा तो शब्द कुणी उच्चारला हे अख्ख्या आइसलँडात कुणाला सांगता यायचं नाही, इतका तो जुना. आणि इतका सरळ, की त्यावरून कुणाचं भांडण होईल असं वाटू नये. पण त्या सरळ शब्दात एक प्रश्न राहून गेला होता. दिवस कुणाचा?

सरकारनं त्याचं उत्तर कधीच देऊन टाकलं होतं. एक दिवसकापणी म्हणजे नऊशे चौरस वाव, वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं अंतर. मग गडी तरणा असो की म्हातारा, पातं धारेचं असो की बोथट, गवत गुडघाभर असो की घोट्याएवढं. कचेरीत बसणाऱ्यांना असं बरं पडतं. बाक्कीच्या शेतावर मात्र हे नऊशे वाव कधी पोचलेच नाहीत. तिथं एकच दिवस चालायचा, तो मालकाचा, थॉरगिल्सचा.

हाल्बेरा बाविसाव्या वर्षी बाक्कीला कामाला आली ती एक पेटी आणि आईची शाल घेऊन. उंचीनं बेताची, अंगानं चिवट, आणि तोंडानं गरजेपुरतीच. थॉरगिल्स तेव्हा चाळिशी ओलांडलेला, बिनलग्नाचा, वाकल्याशिवाय स्वतःच्या दारातून आत न येणारा उंचच उंच माणूस. उन्हाळ्यात तो पुढे विळा चालवायचा, ती मागून दंताळं ओढायची. बत्तीस वर्षं दोघं असे एकामागे एक चालले. खोऱ्यातल्या लोकांनी त्या चालण्याचे काय लावायचे ते अर्थ लावून पाहिले, आणि काही हाती लागेना म्हणून शेवटी सोडून दिले.

थॉरगिल्स गेल्या फेब्रुवारीत गेला. त्याआधीच्या शरदात त्यानं प्रवचनांच्या जाड पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर चार ओळी लिहून ठेवल्या होत्या. शेत पुतण्याला, हेर्मुंडुरला. हाल्बेराला झऱ्याजवळचं खोपटं, हुप्पा नावाची गाय, आणि झऱ्याकाठचं कुरण, वरच्या कोपऱ्यापासून खाली तीन दिवसकापण्या. त्याखाली सही, तारीख आणि कॉफीच्या कपाचा एक गोल डाग.

तीन दिवसकापण्यांचं गवत म्हणजे एका गाईचा हिवाळा. गाय म्हणजे दूध, लोणी, स्कीर नावाचं घट्ट दही. स्वतःच्या चुलीवर स्वतःच्या मर्जीनं ठेवलेली कॉफी. गाय नसली की मग पंचायत म्हाताऱ्या बाईला कुणाच्या तरी घरी ठेवते, तिथं कोपऱ्यातली खाट मिळते आणि त्या घरच्या सुनेचं तोंड बघत दिवस काढावे लागतात. हाल्बेरानं अशा बायका पाहिल्या होत्या. त्यातली एक तिची आईच होती.

हेर्मुंडुर मे महिन्यात आला. तिशीचा, शेतकी शाळेत शिकलेला, गालांवर वारा लागून लाल झालेला. येताना त्यानं दोन खोकी पुस्तकं आणि मोजणीची साखळी आणली होती. दुसऱ्याच दिवशी तो साखळी घेऊन कुरणात उतरला.

"तुम्ही जरा हे टोक धरता का?"

"मला तुम्ही म्हणू नकोस रे बाबा," हाल्बेरा म्हणाली. "मागे आणखी कोण येऊन उभं राहिलंय ते बघावं लागतं."

तो हसला. माणूस वाईट नव्हता. साखळी मात्र जेवढी असते तेवढीच होती. वरच्या कोपऱ्यापासून मोजत मोजत दोघं झऱ्याच्या काठानं खाली आले. काठावर थॉरगिल्सनं पांढरे दगड रोवलेले होते, एकेका दिवसाच्या शेवटाला एकेक. पहिला दगड मागे पडला, दुसरा पडला, आणि तिथून थोडंसंच पुढं गेल्यावर हेर्मुंडुरनं खुंटी ठोकली.

"झाले सत्तावीसशे. तीन दिवसकापण्या."

"तिसरा दगड तिकडे आहे." हाल्बेरानं हनुवटीनं दाखवलं. तो चांगलाच लांब होता.

"दगड कायद्यात बसत नाहीत, हाल्बेरा."

"थॉरगिल्सचा दिवस दगडाला संपायचा. मी मागून दंताळं ओढलंय, कुठे संपायचा ते मला विचार."

"एका माणसाकडून एका दिवसात एवढं होत नसतं. आम्हाला शाळेत आकडे दिलेत."

"शाळेत विळा कोण चालवायचं?"

हेर्मुंडुर साखळी गुंडाळायला लागला. "मास्तर."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली आणि दंताळं खांद्यावर टाकून निघाली.

घरी येऊन मात्र ती बराच वेळ चुलीपाशी नुसतीच बसून राहिली. खुंटीपासून तिसऱ्या दगडापर्यंतचं गवत गेलं, तर हुप्पाची वैरण मार्चमध्येच संपणार होती. हिवाळ्याला मार्चमध्ये संपायची सवय नाही. मग गाय ऐन पानगळीत कापायची, किंवा कुणाला देऊन टाकायची. आणि त्यानंतर ती कोपऱ्यातली खाट. हेर्मुंडुर लबाड असता तर तिनं आवाज चढवला असता. पण तो कायद्यानं बरोबर होता, आणि त्याहून अवघड म्हणजे, आकड्यांचं जे तो म्हणत होता तेही खरं होतं. एका माणसाकडून एका दिवसात एवढं होत नसतं. हे हाल्बेराइतकं चांगलं साऱ्या खोऱ्यात कुणालाही ठाऊक नव्हतं.

बावीस वर्षांपूर्वी मेंढ्या डोंगरावरून उतरवताना थॉरगिल्स घोड्यावरून पडला होता. उजवा खांदा निखळला, बसवला, पण पुन्हा पूर्वीसारखा वळेना. त्याआधी तो खोऱ्यातला पहिल्या नंबरचा कापणारा होता. पुढच्या उन्हाळ्यात तो विळा घेऊन कुरणात उतरला तेव्हा पलीकडच्या काठावरून लोक बघत होते. संध्याकाळी तो जिथं थांबला तिथून वर पाहिलं तर कापलेला तुकडा एखाद्या पोरगेल्या गड्यानंही लाजावं एवढासा होता. त्या संध्याकाळी तो जेवला नाही. खांद्यावर हात ठेवून भिंतीकडे तोंड करून निजला.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला हाल्बेरा उठली. उन्हाळ्यात तिथं तेव्हा चांगलं उजाडलेलं असतं. दंव पडलेलं होतं, आणि गवत कापायला ओलंच बरं. तिनं त्याचा विळा घेतला आणि वरच्या कोपऱ्यातून सुरुवात केली. दांडा त्याच्या उंचीचा. मूठ तिच्या बरगडीला लागायची. बाईनं कापायचं नाही असा कुठं नियम नव्हता, फक्त कुणी कापत नसे. सहा वाजता ती आत गेली, काळीनिळी बरगडी चोळली आणि कॉफी ठेवली. थॉरगिल्स बाहेर गेला. ती दारातून बघत होती. तो कापलेल्या तुकड्यापाशी उभा राहिला, धारेचा दगड काढला, पातं सावकाश घासलं आणि कुणाला उद्देशून नाही असं म्हणाला, "गवत आज हलकं दिसतंय."

आणि जिथं तिचं संपलं होतं तिथून त्यानं पुढे धरलं.

त्या संध्याकाळी तो जिथं पोचला, तिथं त्यानं पहिला पांढरा दगड रोवला. लोक मुद्दाम बघायला आले. खांदा मोडलेला माणूस एवढं कापतो म्हटल्यावर खोऱ्यात म्हणच पडून गेली, की दिवस असावा तर बाक्कीचा. थॉरगिल्स हे ऐकून मान खाली घालायचा. लोकांना वाटायचं, किती नम्र आहे.

पुढच्या वसंतात अवजारांच्या खोलीत एक नवा दांडा टांगलेला दिसला. समुद्रावरून वाहून आलेल्या लाकडाचा, गुळगुळीत तासलेला, मुठी खाली, अगदी खाली बसवलेल्या. बाक्कीवर त्या उंचीचा गडी कधी नव्हता. हाल्बेरानं तो खाली काढला, कमरेशी धरून पाहिला आणि पुन्हा टांगला. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. त्यानंतर एकवीस उन्हाळे तिनं तोच वापरला, आणि एकवीस उन्हाळे रोज सकाळी गवत हलकं दिसत राहिलं.

आता हे सगळं हेर्मुंडुरला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? बाक्कीचा दिवस एका माणसाचा नव्हता म्हणून? मग दगडाला काय अर्थ राहिला? शिवाय थॉरगिल्सची सारी इभ्रत त्या दिवसावर उभी होती. तिनं ठरवलं, बोलायचं नाही. फक्त पंचाला बोलवायचं आणि दगडाला चिकटून राहायचं.

पंच ईस्लेफ हा खोऱ्याचा जुना मुखत्यार. हद्दीचे वाद तो तपकिरीच्या डबीवर सोडवायचा. दोन्ही बाजूंना एकेक चिमूट द्यायचा आणि शिंका संपेपर्यंत निम्मा राग उतरलेला असायचा. त्यानं दोघांचं ऐकून घेतलं, चार ओळी वाचल्या आणि म्हणाला, "शब्द कापणीचा आहे. मे महिन्यात काय भांडायचं त्यावर? जुलैत गवत येऊ दे. या खोऱ्यातला सगळ्यात चांगला गडी आणू. त्याचा दिवस दगडाला पोचला तर दगड खरा. नाही पोचला तर साखळी खरी."

"मान्य," हेर्मुंडुर म्हणाला.

हाल्बेरानं मान हलवली. नाही म्हणायला तिच्याकडे सांगण्याजोगं कारण नव्हतं.

जुलैत केटिल आला. घोड्याच्या छातीचा, पस्तिशीचा, विळा असा चालवायचा की बघत राहावं. आकाश भरून आलेलं, गवत ओलं, म्हणजे कापायला हवा तसा दिवस. सकाळी सहाला त्यानं सुरुवात केली. हाल्बेरा मागे दंताळं घेऊन. सुका मासा आणि लोणी खायला तो काय बसला असेल तेवढाच, कॉफी तर उभ्या उभ्या प्यायला. संध्याकाळी त्यानं विळा टेकला तेव्हा पहिला दगड चांगला वीस वाव लांब राहिला होता.

केटिल घाम पुसत त्या दगडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मला वाटतं म्हातारा झोपायच्या आधी दगड सरकवून ठेवत असणार. रोज थोडा थोडा."

सगळे हसले. ईस्लेफही हसला. मोठ्या माणसाची चूक सापडली की माणसांना हसू येतंच. हेर्मुंडुर तेवढा हसला नाही. त्यानं हाल्बेराकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. हाल्बेरानं दंताळं खाली टाकलं. इतकी वर्षं तिनं गप्प राहून त्याचं नाव जपलं होतं, आणि आता तिच्या गप्प राहण्यामुळेच तो लबाड ठरत होता. गाईचं तिला त्या क्षणी आठवलंसुद्धा नाही. तिला एवढंच कळलं की हे ऐकून घेणं आपल्याला जमणार नाही.

"उद्या पहिल्या दगडापासून खाली धर," ईस्लेफ केटिलला म्हणाला. "तीन दिवस म्हटलंय तर तीन दिवस बघू."

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला हाल्बेरा अवजारांच्या खोलीत गेली. आखूड मुठींचा दांडा खाली काढला, पातं बसवलं, कडी ठोकली. पहिल्या दगडापाशी जाऊन तिनं पाय रोवले. चौपन्न वर्षांची कंबर सुरुवातीला कुरकुरली, मग तिची तिलाच वाट सापडली. सहाला केटिल, ईस्लेफ आणि हेर्मुंडुर खाली आले तेव्हा दगडापासून पुढचा मोठा तुकडा कापून पडला होता आणि हाल्बेरा विळा पुसत होती.

"हे कुणी कापलं?" केटिलनं विचारलं.

"तू इथून पुढे धर," ती म्हणाली. "आणि संध्याकाळपर्यंत मला कुणी काही विचारू नका."

कुणी विचारलं नाही. दिवसभर कुरणात पात्याचा आवाज तेवढा होता. संध्याकाळी केटिलचं पातं कशाला तरी लागून टण्ण वाजलं आणि त्यानं सणसणीत शिवी हासडली. तो दुसरा पांढरा दगड होता.

घरात कॉफी झाली. ईस्लेफनं खडीसाखरेचा खडा दातात धरला, आखूड दांडा उचलला आणि हाल्बेराला म्हणाला, "जरा उभी राहा बघू." दांडा तिच्याशेजारी जमिनीवर टेकवला. खालची मूठ गड्याच्या कमरेला यावी असा नेम असतो. ती नेमकी तिच्या कमरेला आली. मुठीवरचं लाकूड झिजून काळंभोर झालं होतं.

"कुणी केला हा?"

"त्यानं."

"किती वर्षं?"

"खांदा गेल्यापासून." हाल्बेरा खाली बसली. "पहाटेचं मी, पुढचं तो. कधी बोलणं झालं नाही त्यावर. सकाळी यायचा, पातं घासायचा आणि म्हणायचा, गवत आज हलकं दिसतंय. बस, एवढंच. पण दगड त्यानं कधी सरकवला नाही, केटिल. एक बोटभरही नाही. दिवस खरोखर तिथंच संपायचा."

केटिल कपात बघत राहिला. "मी आपलं गमतीनं म्हटलं, हाल्बेरा."

"माहीत आहे. मला लागलं, ते माझ्याजवळ."

हेर्मुंडुरनं कप खाली ठेवला. मग चाचरत म्हणाला, "पण मग तो दिवस एका माणसाचा नव्हताच. शब्द तर एका माणसाचा आहे."

"नव्हताच," हाल्बेरा म्हणाली. "म्हणून तर गप्प होते. आता बोलले, दगड हातचा गेला, हे मला कळतं रे पोरा. काढ तुझी साखळी. पण तो लबाड होता असं कुणी म्हणायचं नाही."

ईस्लेफनं डबी काढली, पण उघडली नाही. हेर्मुंडुर उठला, फळीवरून प्रवचनांचं पुस्तक घेतलं, मागचं पान उघडलं आणि उभ्यानंच वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"हे काकांनी गेल्या ऑक्टोबरात लिहिलंय," तो म्हणाला.

"तारीख आहे की खाली."

"म्हणजे दिवस कुणाकुणाचा असतो ते त्यांना तेव्हा चांगलं ठाऊक होतं. ठाऊक असून त्यांनी हाच शब्द लिहिला." तो ईस्लेफकडे वळला. "शब्द त्यांनी लिहिला, तर दिवस माझ्या शाळेतला कसा धरायचा?"

"लिहिणाऱ्याचा धरावा," ईस्लेफ म्हणाला, आणि मग डबी उघडली.

हेर्मुंडुर बाहेर गेला. खिडकीतून तो झऱ्याकाठानं खाली जाताना दिसला. खुंटी मेपासून चांगली बसली होती. ती उपटायला त्याला तीनदा हिसडे द्यावे लागले.

हाल्बेराचं लक्ष तिकडे नव्हतं. थॉरगिल्सनं तिला बावीस वर्षांत कधी शाबास म्हटलं नव्हतं, आणि तिनंही त्याची वाट पाहिली नव्हती, निदान तसं ती स्वतःला सांगत आली होती. ती शालीत तोंड घालून रडली. केटिल आणि ईस्लेफ यांनी तेवढा वेळ हवामानावर बोलून काढला.

खोऱ्यात एक हिवाळाभर थोडी थट्टा झाली. मग नवराबायको मिळून एखादं काम उरकलं की लोक त्याला बाक्कीचा दिवस म्हणायला लागले, आणि थट्टा मुरली. हुप्पानं मे महिन्यापर्यंत पोटभर खाल्लं आणि एक तांबडं वासरू दिलं.

पुढच्या जुलैत हाल्बेरा आपल्या कुरणात उतरली ती मनाची तयारी करूनच. आता पहाटही तिची आणि दिवसही तिचाच. एका दगडापर्यंत पोचायला तिला एकटीला दोन दिवस लागणार होते, पाऊस मध्ये आला तर तीन. सांधे दुखत होते म्हणून उठायलाही उशीर झाला होता. चांगले पाच वाजले होते.

वरच्या कोपऱ्यापाशी येऊन ती थांबली. तिथला एक तुकडा कापून पडला होता. कापणी अगदीच कच्ची. मध्येमध्ये शेंड्या राहिलेल्या, पट्टा वाकडातिकडा गेलेला, शेतकी शाळेच्या मास्तरांनी शिकवावा तसा. दंवात पावलांचे ठसे होते, ते झऱ्यावरून पलीकडे गेले होते. पलीकडच्या कुरणात हेर्मुंडुर पाठ करून उभा होता आणि भलत्याच मन लावून पातं घासत होता.

हाल्बेरानं धारेचा दगड काढला, पातं सावकाश घासलं, आणि पलीकडे ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "गवत आज हलकं दिसतंय."

पलीकडचा धारेचा दगड क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. जिथं त्याचं संपलं होतं तिथून हाल्बेरानं पुढे धरलं.